कंबर धरणाऱ्याचा वाटा

बबन, काल बाणगंगेवर तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही.

दोन तास आम्ही उन्हात उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या कठड्यावर सात-आठ जण बसले होते. एक तर पार भाताजवळ उतरला, मान तिरकी करून बघितलं आणि उडून गेला. तुझ्या प्राचीने वाकून नमस्कार केला, म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळेन." मग म्हणाली, "बाबा, मी वेळेवर जेवेन." शुभावहिनी म्हणाल्या, "गावच्या घराचं छप्पर करून घेते, तुम्ही काळजी करू नका." कावळे ढिम्म. तेव्हा प्राचीची ती डोंबिवलीची आत्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "मुलीने केलं ना सगळं, म्हणून."

प्राचीचं तोंड एवढंसं झालं. आणि मी, तुझा तीस वर्षांचा दोस्त, सगळ्यांच्या मागे उघडी छत्री धरून उभा होतो. तुझं काय अडलंय ते मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेही मोठ्याने. नाही बोललो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. मी जेवलो नाही. नीताने दोनदा विचारलं, मी तिच्यावरच खेकसलो.

हे आज, अकराव्याच्या संध्याकाळी लिहितोय. लिहायच्या आधी तुझ्या घरी जाऊन आलोय, पण ते मागाहून. तू नेहमी म्हणायचास, "सुहाश्या, तू गोष्ट शेपटीकडसून सांगतस." आज डोक्याकडून सांगतो, बघ जमते का.

आपली ओळख वरळी कोळीवाड्यामागच्या खडकावर झाली. मी गिरगावातला, बँकेत कारकून, नवीकोरी रॉड घेऊन आलेला. रिळावरचं दुकानाचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं. तू लालबागचा, चिंचपोकळीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर. तुझ्याकडे रॉड नव्हतीच. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूसाची दोरी, तिच्या टोकाला गळ आणि तूच ओतलेलं शिशाचं वजन, संपलं. ती दोरी तर्जनीवरून सोडून तू डोळे मिटून बसायचास. मला वाटलं, झोपलाय. "मासो आदी बोटाक कळता, मगे डोळ्यांक," असं म्हणालास आणि हिसका देऊन एक शिंगाळी वर काढलीस.

त्या दिवशी मला शेवाळ मिळालं आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल. निघताना तू तुझ्या शिंगाळ्यांतल्या अर्ध्या माझ्या पिशवीत टाकल्यास. मी तोंडाने नको नको म्हणत पिशवीचं तोंड मात्र उघडं धरलं होतं. तू म्हणालास, "दोराक ज्याचो हात, तेका वाटो." मग समजावून सांगितलंस. तुमच्या गावाकडे, मालवणच्या बाजूला, रापण ओढतात. समुद्रात लांबलचक जाळं सोडायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्या गावाने दोर ओढायचे. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाने जरी दोराला हात लावला, तरी त्याला माशांतला वाटा मिळतो. तुझे वडील गिरणीत नोकरीला लालबागला आले, तेव्हा सोबत एक ट्रंक आणि हा कायदा घेऊन आले होते.

"पण मी दोरीला हात कुठे लावला?" मी विचारलं.

"तू बाजूक बसान बडबडत होतस. त्यामुळे माका झोप येवक नाय. हात लागलो म्हणायचो."

झालं! पुढली तीस वर्षं तू मासे काढलेस आणि मी बडबडलो. रविवारी घरी पिशवी गेली की नीता म्हणायची, "आज बरे मिळाले हो तुम्हाला!" मी नुसता हसायचो. खोटं बोललो असं नाही, पण खरंही कधी बोललो नाही. सवय लागली ती अशी. आणि तिकडे तुझ्या घरी तू बोटभर शिंगाळीची गोष्ट जेवण संपेपर्यंत हातवारे करून सांगायचास. वहिनी म्हणायच्या, "अहो, आमटी निवतेय." तरी मासा अजून पाण्यातच.

सहा वर्षांपूर्वी मी रिटायर झालो. मुलाने बंगळुरूहून भेट पाठवली. अंदमानातल्या एका लांबच्या बेटावर चार दिवस, सोबत गाईड, बोट, मासेमारी, दोन माणसांसाठी. नीताला मांडव्याच्या लाँचमध्ये बसलं तरी मळमळतं. तिने हात जोडले. म्हणाली, "बबनभाऊंना न्या, मला जगू द्या." तू आधी आढेवेढे घेतलेस. "सहल तुझी आसा, मी कित्याक मध्येच?" आणि दुसऱ्याच दिवसापासून वर्कशॉपमध्ये शिशाची वजनं ओतायला बसलास. विमानतळावर त्या वजनांनी आपल्याला अडवलं, आठवतं? "ये क्या है?" "मच्छी के वास्ते." "मच्छी को मारने के लिए?" "नहीं साहेब, डुबाने के लिए." मी लांब जाऊन उभा राहिलो होतो. तुला ओळखतच नाही असा.

पोर्ट ब्लेअरपासून पुढे बोटीने अख्खा दिवस, तेव्हा कुठे ते बेट आलं. आपला गाईड सॅम्युअल तिथलाच, तिथेच जन्मलेला, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी ओहोटीला त्याने आपल्याला उथळ पाण्यात उतरवलं. गुडघाभर पाणी, लांबवर पसरलेलं, खाली पांढरी वाळू, आणि पाणी असं नितळ की पायाची नखं मोजावीत. तिथे मासा आधी डोळ्यांनी हेरायचा आणि मग त्याच्या वाटेवर गळ टाकायचा. सॅम्युअल सारखा मला म्हणत होता, "साब, पाँव मत पटको." माझा पहिला गळ त्याच्याच टोपीत अडकला. तू मात्र गावच्या देवळात चालावं तसा पाय उचलत चालला होतास. मग एकदम थांबलास आणि माझा दंड धरलास. दहा हातांवर एक मासा वाळूत तोंड खुपसून काहीतरी खात होता आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर हलत होती. तू गळ टाकायचंच विसरलास. "अरे, ह्यो दिसता रे!" म्हणालास. "इतकी वर्सां आपण आंधळ्यासारखे गरवत होतो." तुझे डोळे भरून आले होते. मी चेष्टा करणार होतो, पण नाही केली.

दुसऱ्या दिवशी प्रवाळाच्या कड्याबाहेर गेलो, जिथे फिकट पाणी संपून एकदम काळंनिळं सुरू होतं. सॅम्युअलने हातात लाकडी मासा दिला, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, खाली दोन हुक लटकणारे. तू हसत सुटलास. "लाकूड खातलो काय मासो?" सॅम्युअल म्हणाला, "फेंको, फिर बोलो." तू फेकलास. तिसऱ्या का चौथ्या वेळी ते लाकूड जिथे होतं तिथे पाणी फुटलं. बादली उपडी करावी तसा आवाज आला आणि रिळावरून दोरी किंचाळत जायला लागली.

आणि तेव्हा तू ती चूक केलीस. फक्त तूच करू शकला असतास. हातात हजारांची रॉड, रिळाला ब्रेक, सगळी आयुधं असताना तुझ्या बोटाला तीस वर्षांची सवय. तू पळत्या दोरीवर तर्जनी ठेवलीस. सॅम्युअल ओरडला, "हाथ मत लगाओ!" पण तोवर दोरी बोटात हाडापर्यंत गेली होती. तरी तू रॉड सोडली नाहीस. मी तुझ्याच खिशातला रुमाल काढून बोटाला बांधला. मासा कड्याकडे ओढत होता आणि तू बोटीच्या टोकाकडे सरकत होतास. मी मागून तुझी कंबर धरली. दोन्ही हातांनी, डोळे मिटून, मारुतीचा धावा करत. किती वेळ ते मला माहीत नाही. अर्धा तास म्हणून सांगत आलोय, दहा मिनिटंही असतील.

मासा वर आला. चांदीच्या परातीसारखा. सॅम्युअल त्याला जीटी म्हणत होता. तू म्हणालास, "ह्यो आपलो कोकर. घरचोच, पण तालमीत गेलेलो." फोटो एकच मिळेल, मासा लगेच पाण्यात सोडायचाय, असं सॅम्युअलने बजावलं. मी म्हटलं, चल बबन, धर. तुझ्या हातातून रक्त ठिबकत होतं. तू मासा माझ्याकडे ढकललास. "तू धर. माझ्या हातान बरबटात."

"अरे, मासा तुझा आहे!"

"कंबर कोणी धरलेली? दोराक हात लागलो. सहल तुझी, बोट तुझी. धर गप."

मी धरला. दात काढून हसलो. फोटो निघाला.

मग तो सोडायचा म्हटल्यावर तुझं डोकं फिरलं. "एवढो मासो सोडूचो? अख्खी चाळ जेवात!" सॅम्युअलने हात जोडले, नियम म्हणजे नियम. तू त्याला विचारलंस, "खावक नाय, तर तेका तरास कित्याक दिलो?" त्या बिचाऱ्याला मालवणी कळेना. मी काहीतरी निसर्ग, समतोल, पुढची पिढी असं बोललो. तू म्हणालास, "भुकेसाठी मारल्यार देव माफ करता, खेळासाठी छळल्यार नाय." सहा वर्षं हा वाद चालला. वरळीला, तुझ्या गॅलरीत, फोनवर. गेल्या महिन्यातसुद्धा मी म्हणालो होतो, अरे, तो मासा आज जिवंत असेल. तू म्हणालास, "आणि ओठ फाटल्याची आठवणय जिवंत आसात." आता सांगतो, त्या वादात तुझं बरोबर होतं असं मला अर्धं वाटतं. अर्धं नाही वाटत. तू असतास तर उरलेल्या अर्ध्यावर भांडलो असतो.

पोर्ट ब्लेअरला मोबाईलला रेंज आली आणि फोटो नीताला गेला. नीताकडून मुलाला, मुलाकडून सगळ्या गोतावळ्याच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, 'बाबांचा मासा!' तीन मिनिटांत पन्नास अंगठे. मी म्हटलं, आता कुठे टाईप करत बसू, घरी गेल्यावर सांगू. घरी गेलो तर नीताने फोटो मोठा करून फ्रेम करायला टाकलेला. म्हटलं, जरा गडबड ओसरू दे. ती कसली ओसरते! विचारणारे विचारत गेले आणि मी सांगत गेलो. आधी "आम्हाला लागला" म्हणायचो. मग कधीतरी "मला" झालं. नेमकं कधी ते मलाही कळलं नाही.

आणि कळस म्हणजे तुझ्याच चाळीच्या सत्यनारायणाला माझा सत्कार! तुझ्या शेजाऱ्यांनी ठरवलेला. शाल, श्रीफळ, 'आपल्या बबनचे मित्र, खोल समुद्रात महाकाय मासा पकडून त्याला जीवदान देणारे.' मी तुला फोन केला होता, म्हटलं, बबन, हे फार होतंय, मी सांगून टाकतो. तू म्हणालास, "गप ये. नारळ मीच आणलंय." मी वीस मिनिटं बोललो. मी कसा पाय रोवला, मी रॉड कशी पेलली, समुद्र कसा आरशासारखा शांत होता. तिसऱ्या रांगेत तू बसला होतास, कडेला वहिनी. लोक टाळ्या वाजवत होते, तू सगळ्यांत जोरात. खाली उतरल्यावर मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तू खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "बरा सांगितलंस रे. पण वारो होतो. पूर्वेचो."

एवढंच. त्या सगळ्या खोट्यातली तू वाऱ्याची चूक तेवढी दुरुस्त केलीस. तू वाटा दिला होतास, बबन. मी अख्खा मासा घेऊन घरी आलो.

सांगणार होतो, खरंच. आपला खडक भरावाखाली गेला तेव्हा, तू रिटायर झालास तेव्हा, प्राचीला नोकरी लागली तेव्हा. शेवटचा तुझा फोन आला तो रविवारी. "कोळीवाड्याच्या धक्क्यावर जाऊया काय?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय रे, पुढच्या रविवारी. मंगळवारी दुपारी तू गेलास. वर्कशॉप सोडून दोन वर्षं झाली तरी सवयीने दुपारचा डबा उघडून बसायचास म्हणे, तसाच बसल्याजागी. माझा गुडघा, खरं सांगू, तेवढा दुखत नव्हता. मॅच होती.

तर आज दुपारी मी ती फ्रेम भिंतीवरून काढली, पिशवीत घातली आणि लालबागला गेलो. नीताला जाताना दारातच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षांच्या शिंगाळ्यापण का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "जा आधी तिकडे. तुमच्याकडे मी नंतर बघते."

तुझ्या फोटोपुढे दिवा होता. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. मी फ्रेम त्यांच्यासमोर ठेवली आणि सहा वर्षं राहून गेलेलं बोललो. "वहिनी, हा मासा माझा नाही. बबनला लागला होता."

त्यांनी चष्मा लावला, फ्रेम जवळ ओढली आणि फोटोच्या अगदी कडेला बोट ठेवलं. तिथे अर्धा तू दिसतोस, एका हातात रॉड, दुसरा हात रुमालात गुंडाळलेला. "हा रुमाल माझ्या हातचा," त्या म्हणाल्या. "कडेला निळी टीप आहे बघा. रक्ताचा डाग लिंबू चोळलं तरी गेला नाही, शेवटी ओटा पुसायला काढला. दोरी ज्याच्या बोटात घुसते मासा त्याचा, भावोजी. मी देवगडची आहे, एवढं मला कळतं. हे तुमच्या भिंतीवर सहा वर्षं टांगलेलं होतं, कुणी बघितलंच नाही."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "मग तुम्ही बोलला का नाहीत? सत्काराच्या दिवशी तरी?"

"मी यांना विचारलं होतं ना. म्हटलं, जगाला नका सांगू, मला तरी सांगा, कसा लागला. तर म्हणाले, 'सुहासाक विचार. तो बरा सांगता.'"

बबन, तिथे मी रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. बोटभर शिंगाळीची गोष्ट आमटी निवेपर्यंत सांगणारा तू. जन्मातला सगळ्यात मोठा मासा तुला लागला आणि त्याची गोष्ट तुला तुझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला सांगता आली नाही. कारण ती मी घेऊन फिरत होतो. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तुझा मासा घेतला. मासा तर तू तिथेच सोडला होतास. मी घेतली ती गोष्ट.

प्राची मोरीच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "काका, हे काल बोलला असतात तर?"

"चुकलं गं बाळा."

"आत्याला फोन करू का? सांगते, मुलगी नाही नडली, मित्र नडला." असं म्हणून हसायला लागली आणि हसता हसता हमसून रडली. वहिनींनी तिला जवळ ओढलं. मग मला म्हणाल्या, "आता सांगा. अगदी पहिल्यापासून."

मी सांगितलं. विमानतळावरच्या शिशापासून. उथळ पाण्यात तुझे डोळे भरले तेही सांगितलं. तू दोरीवर बोट ठेवलंस तिथे वहिनी "अगो बाय माझे!" म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचंच बोट मुठीत धरलं. शेवटी त्यांनी विचारलं, "एवढा भांडला, मग सोडला कसा?"

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्कारात तर मीच त्याला सोडलं होतं ना! तू बोटीवर गुडघे टेकून बसलास. चांगल्या हाताने त्याची शेपटी धरून त्याला पाण्यात हळूहळू पुढे-मागे करत राहिलास, बाळाला पाळण्यात करावं तसं. त्याच्यात जीव आला, त्याने एक झटका दिला, तरी तू क्षणभर सोडलं नाहीस. मग म्हणालास, "जा बाबा. घराक जा. वाट बघतत."

वहिनी दिव्याकडे वळल्या. दिव्यात तेल घातलं, वात पुढे केली. मग म्हणाल्या, "उद्या बाराव्याला सगळी चाळ असेल. आत्यापण येतील. तेव्हा परत सांगा."

"ज्यांनी शाल दिली त्यांच्यासमोर?"

"त्यांच्याचसमोर."

कावळ्याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. तू काही असल्या गोष्टीसाठी अडून बसणारा नव्हेस. हिशेब ठेवणारा असतास तर पहिल्याच दिवशी शिंगाळ्या वाटल्या नसत्यास. अडलं होतं ते माझंच असणार. तुझा पिंड बिचारा माझ्यापायी दोन तास उन्हात राहिला. माफ कर रे.

फ्रेम तुझ्याकडेच ठेवून आलोय, तुझ्या फोटोच्या शेजारी. उद्याचं भाषण लिहायला म्हणून बसलो होतो, तर हे तुलाच लिहीत बसलो. त्याची सुरुवात मात्र ठरली आहे आणि पाठही झाली आहे. त्या दिवशी वारा होता, पूर्वेचा. मासा बबनला लागला. मी त्याची कंबर धरली होती.